मुले लिहावयास का भितात?



तुमच्या घरातले पाचवी-सहावीतले पोर पहा. जत्रेत बैल उधळला आणि विहिरीत पडला, ही हकीगत ते कशी रंगवून सांगते! बैल कुणाचा, दावे कुठे तुटले, पळापळीत कुणाची भज्यांची परात उलटी झाली, एक गोष्ट सुटत नाही. आता त्याच पोराला म्हणा, ‘बाळ, हेच वहीत लिहून काढ बरं.’ झाले! पेन्सिलीचे टोक तोंडात जाते, नजर आढ्याला लागते, आणि अर्ध्या तासाने वहीत तीन वाक्ये उमटतात : ‘मी जत्रेला गेलो. जत्रा खूप छान होती. मला खूप मजा आली.’ बैलाचा कुठे पत्ताच नाही!

पोर काही मठ्ठ नव्हे. लिहिणे म्हणजे आपले बोलणे नव्हे, ती कुणा मोठ्या माणसांची निराळीच भाषा, अशी त्याची समजूत झालेली असते. ती समजूत आपणच करून दिलेली आहे. बोलताना चुकले तर चूक वाऱ्यावर जाते. लिहिताना चुकले तर ती तांबड्या शाईत राहते आणि चार पोरांना दिसते. मग शहाणे पोर काय करणार? ज्यात चुकणार नाही तेवढेच लिहिणार.

थोडे बारकाईने पाहू. ‘बैल विहिरीत पडला’ हे त्याला लिहायचे आहे. ‘विहीर’ या शब्दात ‘ही’ दीर्घ, आणि ‘विहिरीत’ म्हणताना तीच ऱ्हस्व. यालाही नियम आहे, पण तो आठवेपर्यंत पुढची हकीगत मनातून निसटून जाते. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम केले ते १९६२ साली. तेव्हा ते १४ होते, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. नियम हवेतच, त्याबद्दल माझे दुमत नाही. परंतु मनात वाक्य जुळत असताना त्याच्या दाराशी अठरा पहारेकरी कशाला उभे करायचे? आणि गंमत अशी की, कुणाचे बोलणे लिहून काढताना ते उच्चाराप्रमाणे लिहावे, हे खुद्द त्या नियमांतच सांगितले आहे. तेव्हा खानदेशातल्या नाहीतर वऱ्हाडातल्या पोराने आजीच्या तोंडी ‘पानी’ घातले, तर गुरुजी, तेथे रेघ ओढू नका.

निबंधांचे विषय काय असतात, हेही जरा आठवून पहा. नदीचे आत्मवृत्त, मी पंतप्रधान झालो तर! ज्या गावात उन्हाळाभर टँकरवर भांडी लावावी लागतात, त्या गावचे मूल खळाळत्या नदीचे आत्मवृत्त गाईडातून पाठ करते आणि दहापैकी सात गुण मिळवते. टँकरची हकीगत त्याला तोंडपाठ आहे, ती मात्र त्याला कुणी विचारीत नाही.

ही मुले पुढे आमच्या महाविद्यालयात येतात. कोणताही प्रश्न घाला, त्यांची पहिली शंका ठरलेली : ‘सर, किती ओळी लिहायच्या?’ पुढे अतिवृष्टीने पीक गेले, भरपाईसाठी अर्ज करायचा, तर बी. ए. झालेला तरुणही कचेरीबाहेर पैसे मोजून दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतो. तो अर्ज ठरीव शब्दांचा. बांध कोठे फुटला, शेतात पाणी किती दिवस साचले, हे ज्याचे त्यालाच ठाऊक, आणि नेमके तेच अर्जात येत नाही.

लहान मुलाला एवढे कोठून जमणार, असे कुणी म्हणेल. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वय अवघे १४. विषय मांग-महारांचे दुःख. आपल्या लोकांचे जे हाल तिला ठाऊक होते, तेच तिने लिहिले. आज १७० वर्षे उलटून गेली, तरी लोक तो निबंध काढून वाचतात.

मग करायचे काय? आधी सांगू द्या, मग लिहू द्या. दोन मुलांची जोडी करा. एकाने सांगायचे, दुसऱ्याने जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवली, म्हणून तर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. आता पुष्कळ घरांत मोबाईल आहे. मोबाईलने मुलांचे लिहिणे बुडवले, अशी तक्रार होते, ती मला पुरती पटत नाही. पोराची हकीगत त्यात बोलून ठेवा आणि त्याचाच आवाज थांबवून थांबवून त्याला लिहू द्या. शब्दाबद्दल शंका आली तर खाली रेघ मारून पुढे जायचे, थांबायचे नाही. शुद्धलेखन पाहायचे ते दुसऱ्या दिवशी, आणि एका वेळी एकच गोष्ट पाहायची. या आठवड्यात फक्त न आणि ण. पन्नास वह्या तपासणाऱ्या गुरुजींनाही हे सोपे पडेल. शिवाय कधीतरी स्वतः फळ्यावर चार वाक्ये लिहा, पुसा, शब्द बदला. मोठी माणसेही खोडतात, हे मुलांनी फारसे पाहिलेलेच नसते.

‘पण परीक्षेचं काय?’ हा प्रश्न येणारच. परीक्षेत शुद्धलेखन लागते, विषयही दुसऱ्याने दिलेला असतो, हे खरे. पण ज्याच्या हाताला पानभर लिहायची सवय झाली, त्याच्या चुका सुधारता येतात. तीन वाक्यांवर थांबणाऱ्याच्या वहीत सुधारायला असते काय?

राहता राहिली घरची मंडळी. लिहिता-वाचता न येणारी आईसुद्धा यात पुष्कळ करू शकते. रात्री जेवणे आटोपली की तिने म्हणावे, ‘आज काय लिहिलंस, वाच बघू.’ पोर वाचील. मामा गावाला यायला निघाला, वाटेत एस. टी. बंद पडली, आणि वाचन तेथेच थांबेल. आई सहज विचारील, ‘मग मामा आला कसा रे?’ हे लिहायचे राहिलेच की, असे पोराच्या ध्यानात येईल, आणि ते पुन्हा वही उघडून बसेल.