उन्हाचा धडा

नागपूरहून उत्तरेस निघालें कीं, कोराडी जवळ आल्याची खूण दुरूनच पटते. एकीकडे श्रीमहालक्ष्मी जगदंबेचें देवस्थान आणि दुसरीकडे औष्णिक वीजकेंद्राचे अवाढव्य मनोरे. कमरेशीं निमुळते, पायाशीं ऐसपैस आणि माथ्यावर पांढरे लोट सोडणारे. हे लोट धुराचे असावेत असें नव्या प्रवाशास वाटतें. परंतु ती केवळ पाण्याची वाफ असते. या केंद्राचा पहिला संच १९७४ सालीं सुरू झाला आणि आज तेथें ६६० मेगावॉटचे तीन प्रचंड संच चालतात. यंत्राचें चाक फिरवून दमलेली वाफ पुन्हां पाणी व्हावी म्हणून तिला थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेतात. त्या कामांत तापलेलें पाणी मनोऱ्यांत उंचावरून थेंबथेंब पाडलें जातें. त्यांतील शेंकडा दोन-एक भाग वाफ होऊन उडून जातो, आणि जातां जातां उरलेल्या पाण्याची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. नागपूरच्या जुन्या वाड्यांतील वाळ्याच्या ताट्या हेंच करीत, आतांचा कूलर हेंच करतो, आणि माणसाचें घामेजलें कातडें तरी दुसरें काय करतें?

माणसाचें शरीर हेंही एक लहानसें औष्णिक केंद्रच होय. कष्ट करतांना अन्नापासून मिळणाऱ्या शक्तीचा जेमतेम चौथा-पांचवा हिस्सा हातापायांच्या कामीं येतो. बाकीची सारी उष्णता. ती बाहेर पडली नाहीं, तर ३७ अंशांवर राखलेलें शरीर पाहतां पाहतां तापेल. एरवीं आजूबाजूची हवा कातडीहून थंड असल्यामुळें पुष्कळशी उष्णता आपोआप निघून जाते. परंतु २३ मे २०१३ रोजीं नागपुरांत पारा ४७.९ अंशांवर चढला होता. अशा दिवशीं हवा कातडीहून तप्त असते. ती उष्णता घेत नाहीं, उलट देते. मग घामावांचून दुसरा उपायच उरत नाहीं. एक लिटर घाम अंगावरच्या अंगावर सुकला, तर तो जितकी उष्णता नेतो तितकी साधारण आठ लिटर पाणी उकळीला आणण्यास लागते. मात्र तो सुकला पाहिजे. निथळून जमिनीवर पडलेला घाम वायां गेला. मे महिन्यांत घर गारेगार करणारा कूलर पहिल्या पावसानंतर नुसता दमटपणा कां वाढवतो, याचेंही उत्तर यांतच आहे.

एवढी सोय असूनही माणसें ऊन लागून मरतात. कारण घामाची ही यंत्रणा जन्मतःच तरबेज नसते. तिला शिकावें लागतें, आणि शिकण्यास दिवस लागतात. उन्हांत कष्ट करण्याच्या पहिल्या दिवशीं नाडी धांवते, डोकें जड होतें, घाम उशिरां सुटतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रक्तांतील द्रवाचें प्रमाण वाढूं लागतें आणि हृदयाचा ताण उतरतो. पुढें घाम लवकर व भरपूर येऊं लागतो, आणि विशेष नवलाची गोष्ट म्हणजे तो कमी खारट होतो. शरीर मीठ जपावयास शिकतें. आठवड्यापासून पंधरवड्यापर्यंत हा धडा पुरा होतो. त्यासाठीं उन्हांत रोज थोडें श्रम मात्र केले पाहिजेत. थंड खोलींत बसून हा धडा पाठ होत नाहीं.

दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खोल खाणींत उष्माघातानें मजूर दगावूं लागले, तेव्हां १९३० नंतर तेथें नव्या मजुरांस टप्प्याटप्प्यानें उष्णतेची संवय लावण्याची पद्धत सुरू झाली. शास्त्र उत्तम होतें. खाणीच्या धन्याला मजुराच्या जिवाहून सोनें अधिक प्रिय होतें, ही गोष्ट निराळी. अमेरिकेच्या श्रमसुरक्षा-खात्याचा आजचा निष्कर्ष तर अंगावर कांटा आणणारा आहे. कामावर असतां उष्णतेनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं जवळजवळ निम्मे मृत्यू कामाच्या अगदीं पहिल्या दिवशींच होतात, आणि शेंकडा सत्तरांहून अधिक पहिल्या आठवड्यांत. भट्टीजवळ, बांधकामावर किंवा डांबरी रस्त्यावर नुकताच रुजू झालेला तरणाबांड गडी दुपारीं मटकन खालीं बसला, तर मुकादम त्याला कामचुकार म्हणतो. तो कामचुकार नसतो. त्याच्या शरीराचा पहिलाच इयत्तेंतला पहिलाच दिवस असतो, आणि त्याच्यापुढें शेवटच्या परीक्षेचा कागद ठेवलेला असतो. म्हणून जाणते लोक सांगतात कीं, नवख्यास पहिल्या दिवशीं नेहमींच्या कामाचा पांचवा हिस्साच उन्हांत द्यावा आणि रोज तितकाच वाढवीत जावा.

पाण्याविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत घामाघूम मजूर घटाघटा पाणी पीत, आणि मग त्यांच्या पोटऱ्यांत व पोटांत असह्य गोळे येत. १९२३ सालच्या संशोधनांत याचें कारण उलगडलें: घामाबरोबर मीठ जातें, वरून नुसतें पाणी पडतें, आणि रक्तांतील मीठ पातळ होतें. किंचित मीठ घातलेलें पाणी देतांच गोळे थांबले. आपल्याकडील कैरीच्या पन्ह्यांत गूळ व मीठ दोन्ही असतात, आणि विदर्भांतील गृहिणींना हें कोणत्याही खाणीच्या अहवालावांचून ठाऊक होतें. खिशांतल्या पांढऱ्या कांद्याबद्दल मात्र तसें म्हणवत नाहीं. त्याचा उपयोग झालाच तर इतकाच, कीं तो टोचूं लागला म्हणजे माणसाला उन्हाची आठवण राहते. डोक्याला व कानांना गुंडाळलेला दुपट्टा खरोखर उपयोगी. तो ऊन आणि झळ दोन्ही अडवतो.

उष्णतेचा मार शरीरापुरताच राहत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील बोस्टन येथें ४४ तरुण विद्यार्थ्यांची बारा दिवस रोज सकाळीं परीक्षा घेण्यांत आली. उष्णतेच्या लाटेंत ज्यांच्या खोल्या थंड केलेल्या नव्हत्या, ते शब्द व रंग ओळखण्यांत आणि बेरीज-वजाबाकींत इतरांहून सुमारें शेंकडा तेरा मागें पडले. हीं धडधाकट मुलें होतीं, आणि बोस्टनचा उन्हाळा म्हणजे नागपूरकरांच्या दृष्टीनें थंडीच! विदर्भांतील शाळा राज्यांतील इतर शाळांहून आठपंधरा दिवस उशिरां उघडतात व उन्हाळ्यांत सकाळीं भरतात, यांत लाड नाहीं. पत्र्याच्या छपराखालीं दुपारीं सोपा हिशेब चुकणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरविण्यापूर्वीं खोलींतला पारा पाहावा.

उष्माघात ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे बुद्धीचा भ्रंश. माणूस असंबद्ध बोलूं लागतो, झोकांड्या खातो, नंतर शुद्ध हरपते. शरीराचें उष्णतामान ४० अंशांच्या वर गेलेलें असतें. वृद्धांचें अंग अशा वेळीं कोरडें पडलेलें आढळतें. परंतु कष्टकऱ्यास घाम चालू असतांनाही उष्माघात होतो, तेव्हां घामावरून निश्चिंत राहूं नये. दवाखान्याची गाडी बोलवावी, त्यासाठीं १०८ हा क्रमांक आहे. परंतु तिची वाट पाहत बसूं नये. सांवलींत आणून कपडे सैल करावे, अंगावर सारखें पाणी ओतावें आणि सुपानें, पुठ्ठ्यानें, हातीं येईल त्यानें वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें.

आणि शिकलेला धडा शरीर विसरतेंही. उन्हापासून दूर राहिलें कीं आठवड्याभरांत संवय सुटूं लागते, आणि महिन्याभरांत बहुतेक पुसली जाते. पावसाळा व हिवाळा उलटल्यावर चैत्रांत प्रत्येकाला नव्यानें आरंभ करावा लागतो. म्हणून पहिल्या उष्णतेच्या लाटेंत अधिक माणसें सांपडतात. लग्नासाठीं किंवा आजारपणामुळें गांवीं जाऊन आलेला मुरलेला कामगारही परतल्यावर पूर्वीचा नसतो. तो स्वतःच तें मानीत नाहीं, ही खरी अडचण. त्याला पहिल्या दिवशीं निम्मेंच काम द्यावें, दुसऱ्या दिवशीं शेंकडा साठ, तिसऱ्या दिवशीं ऐंशी, आणि चौथ्या दिवशीं त्याचें पूर्वीचें सारें.