मार बसला, पण कधी?

ऑक्टोबर १९९७. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आठ महिन्यांच्या बाळाच्या मृत्यूचा खटला सुरू होता. आरोपी होती बाळाला सांभाळणारी १९ वर्षांची ब्रिटिश मुलगी. बाळाच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. भांडण होते ते तारखेवर. सरकारी पक्षाच्या मते मार त्याच दिवशीचा. बचाव पक्षाचे तज्ज्ञ म्हणत, जखम तीनेक आठवड्यांची आहे आणि तिथूनच पुन्हा रक्त वाहिले. ज्यूरीने खुनाचा ठपका ठेवला. पुढे न्यायाधीशांनी तो सदोष मनुष्यवधावर आणला आणि आधीच भोगलेला २७९ दिवसांचा तुरुंगवास पुरेसा मानला.

जखमेचे वय काढता येते, कारण जिवंत मेंदू इजेनंतर स्वस्थ बसत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात. मागोमाग सफाई करणाऱ्या भक्षक पेशी येतात, सांडलेल्या तांबड्या पेशी गिळतात आणि त्यांतले लोह साठवतात. साधारण तिसऱ्या दिवसापासून हे लोह दिसू लागते. ते निळेशार रंगवण्याची माक्स पर्ल्स यांची १८६७ची रीत आजही प्रयोगशाळांत रोज वापरली जाते. मेंदूवरच्या जाड आवरणाखाली रक्त साकळले, तर त्याभोवती हळूहळू नवा पापुद्रा धरतो. मन्रो आणि मेरिट यांनी १९३६ मध्ये अशा १०५ रुग्णांचा अभ्यास करून त्याच्या जाडीवरून काळ कसा ताडावा हे मांडले.

माणूस जागीच गेला, तर मात्र यातले काहीच घडत नाही.

काही तासांचा हिशेब हवा असेल, तर चेतातंतूंकडे पाहावे लागते. तंतू ताणला गेला की त्यातून वाहणारी प्रथिने अडतात आणि तिथे फुगवटा येतो. चांदीच्या क्षारांनी रंगवून हे फुगवटे दिसायला अर्धा-एक दिवस जावा लागे. १९९०च्या दशकात बीटा-एपीपी या प्रथिनावरची चाचणी आली आणि ही मुदत दोन-तीन तासांवर आली. केवढी मोठी झेप! पण मेंदूला प्राणवायू कमी पडला, तरी हेच प्रथिन साठते. लंडनच्या जेनियन गेडिस यांनी २००१ मध्ये दाखवले, की डोक्याला इजा झालेल्या तान्ह्या बाळांत हे कारण मारापेक्षा कितीतरी अधिक वेळा आढळते.

म्हणूनच चांगला तज्ज्ञ न्यायालयात घटका-पळे सांगत नाही, ‘अमुक ते अमुक दिवस’ असे सांगतो, आणि तसेच सांगायला हवे. तान्ह्या बाळांत तर आणखी जपावे लागते. अगदी सुरळीत प्रसूतीतही अनेक बाळांच्या मेंदूभोवती थोडे रक्त साकळते. ते बहुधा महिनाभरात आपोआप विरते. पण मागे राहिलेले लोह पुढे कुणाच्या तरी हातून झालेली जुनी इजा समजले जाऊ शकते.