बंब येईपर्यंतचा अर्धा तास : घाटातल्या गावानं स्वतःचं अग्निपथक कसं चालवावं?

फेब्रुवारी लागला की घाटमाथ्यावरचं गवत वाळून पिवळं पडतं. जंगलात पाचोळ्याचा थर साचतो आणि काजूच्या बागा बोंडांनी भरू लागतात. म्हणजे वर्षाच्या कमाईचा हंगाम आणि आगीचा हंगाम एकाच वेळी येतो. खानापूरचा पश्चिम भाग, चंदगडचा डोंगरपट्टा, सत्तरी, दोडामार्ग, कुठेही गेलात तरी हीच परिस्थिती. काजूची बाग एकदा होरपळली की नुकसान एका वर्षाचं राहत नाही. नवी कलमं लावून ती धरायला पुन्हा काही वर्षं जातात.

अग्निशमन बंब तालुक्याच्या गावाहून निघतो. अरुंद रस्ता, घाटाची वळणं आणि शेवटी बागेपर्यंत गाडीच न जाणारी पाणंद. तो येईपर्यंत गवताची गंजी राख झालेली असते आणि वणवा दुसऱ्या डोंगराला लागलेला असतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे पेटले, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आणावी लागली. तरीही जमिनीवर माणसांना पायी चढूनच आगीला भिडावं लागलं.

म्हणून पहिला अर्धा तास गावाचाच. आणि त्यासाठी गावाचं स्वयंसेवक पथक पाहिजे. जगात ही काही नवी गोष्ट नाही. आल्प्सच्या डोंगरातल्या ऑस्ट्रियात मोजकी मोठी शहरं सोडली तर अग्निशमनाचं काम गावोगावच्या स्वयंसेवकांवरच चालतं. मात्र पथक काढणं सोपं, चालवणं अवघड. पंप येतो, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि पुढच्या हंगामात खोलीची किल्ली कुणाकडे आहे तेच सापडत नाही. पथक टिकवायचं तर काय करावं लागतं, ते एकेक करून पाहू.

पथकात कोण घ्यायचं?

यादी करताना हमखास होणारी चूक म्हणजे गावातल्या धडधाकट तरुणांची नावं लिहिणं. त्यातले निम्मे पुण्याला, बेळगावला नाहीतर गोव्यात कामाला असतात आणि सणालाच गावी येतात. यादी करायची ती फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी दोन वाजता गावात कोण असतं, ते बघून. वणवा बहुतेक त्याच वेळी भडकतो.

असं पाहिलं तर बचत गटाच्या बायका, काजू बागायतदार, ट्रॅक्टरवाले, दुकानदार, पाणीपुरवठ्याचा वॉल्व्ह सोडणारा माणूस अशी नावं पुढे येतात. सगळ्यांनी आगीला भिडायचं नसतं. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि १८ वर्षांखालच्या मुलांनी आगीजवळ जायचंच नाही. पण फोन लावणं, टँकर भरणं, पिण्याचं पाणी पोचवणं, बंबाला वाट दाखवायला फाट्यावर उभं राहणं ही कामंही तितकीच महत्त्वाची. पथकाला एक प्रमुख आणि एक उपप्रमुख असावा आणि दोघांपैकी एक जण हंगामात गावात असलाच पाहिजे.

साहित्य थोडं, पण चालू स्थितीत

सुरुवातीला महागडी यंत्रं नकोत. कोयते, कुदळी, लोखंडी दाताळी, लांब दांड्याच्या झोडपण्या, हेडलाइट असलेल्या बॅटऱ्या, जाड बूट, सुती कपडे, तोंडाला बांधायला सुती पंचा एवढ्यावर काम सुरू होतं. नायलॉन, पॉलिस्टरचे कपडे घालून आगीजवळ जाऊ नये. ते वितळून कातडीला चिकटतात. जमल्यास वन विभागाकडे असतो तसा पाचोळा उडवणारा ब्लोअर घ्यावा, जाळरेषा साफ करायला तो फार कामी येतो.

फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप हा डोंगरातला खरा बंब. पण तो आगीसाठी वेगळाच ठेवावा. तणनाशकाचा वापरलेला पंप आणला तर औषधाची वाफ नाकात जाते आणि ऐनवेळी नोझल तुंबलेलं निघतं. पंपाचं पाणी काही मिनिटांत संपतं, म्हणून ते आधी उडवत सुटायचं नाही. झोडपून दबलेल्या आगीच्या बुडाशी मारायचं.

सगळं साहित्य एकाच ठिकाणी ठेवा आणि किल्ल्या दोन घरांत ठेवा. पंचायतीच्या कार्यालयात ठेवलं तर रविवारी कुलूप असतं, हे विसरू नका.

निरोप आणि सीमेचा घोळ

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरवसा ठेवू नका. डोंगरात रेंज नसते आणि शेतात गेलेला माणूस फोन बघत नाही. देवळाची घंटा किंवा भोंगा, ठरलेली खूण आणि जमायची ठरलेली जागा हीच पद्धत अजून चालते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. चोर्ल्याच्या परिसरात तर गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या हद्दी जवळजवळ येतात. ११२ हा आपत्कालीन क्रमांक देशभर एकच असला तरी तो उचलणारं केंद्र राज्याराज्याचं वेगळं. मोबाईलनं पलीकडचा टॉवर पकडला असेल तर फोन शेजारच्या राज्यात लागू शकतो. म्हणून नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, शिवार या क्रमानं सांगायचं. आग कसली आहे, गाडी कुठपर्यंत येते, पाणी कुठे भरता येतं हेही सांगायचं. हे सगळं एका कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये, गोव्याकडच्या गावांनी मराठी-कोंकणीत लिहून भिंतीला लावावं. घाबरलेल्या माणसाला वाचून दाखवता आलं पाहिजे.

त्याच कागदावर जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर, अग्निशमनासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, गॅसगळतीसाठी १९०६ आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या वनपरिक्षेत्र कार्यालयांचे नंबर लिहावेत. वणव्याला हद्द नसते, पण वनरक्षकाला असते. पलीकडच्या गावाच्या पथकप्रमुखाचा नंबरही यादीत हवाच.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाला दिसलेल्या आगीच्या सूचना एसएमएसनं पाठवते, त्यासाठी कुणालाही नोंदणी करता येते. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो. त्यामुळे उंच टेकाडावर बसलेला आपला माणूस आधी धूर बघतो.

आगीवर गेल्यावर

डोंगरातली आग वर पळते. उतार साधारण १० अंशांनी वाढला की तिचा वेग दुप्पट होतो असा ठोकताळा आहे, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून २० हून अधिक ट्रेकर्सचा जीव गेला. म्हणून पथकाचे नियम आधीच ठरलेले हवेत.

आगीच्या वरच्या बाजूला आणि घळीत कुणी थांबायचं नाही. कामाला सुरुवात मागून आणि बाजूंनी करायची, जळून गेलेल्या काळ्या जागेत पाय ठेवून. संकटात तीच सुरक्षित जागा. एक माणूस झोडपायला नाही, तर फक्त वारा आणि आग बघायला उंचावर ठेवायचा. त्यानं हाक दिली की सगळ्यांनी माघारी फिरायचं, वाद घालायचा नाही. निघण्याची वाट काम सुरू करण्याआधी सगळ्यांना दाखवायची. कुणी एकटं जायचं नाही, कमीत कमी जोडीनं.

झोडपताना डहाळी उंच उगारू नये, ठिणग्या उडतात. दाबून, आगीच्या आत ओढून मारावं. आगीला समोरून आग लावणं हे वन विभागाच्या माणसांचं काम. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे, महाराष्ट्र-गोव्यात १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं आणि कर्नाटकात १९६३ च्या वन कायद्यानं.

जाताना नावं लिहायची आणि परत आल्यावर मोजायची. एक जरी कमी भरला तरी शोध घेतल्याशिवाय घरी जायचं नाही. ज्वाळा विझल्या म्हणजे आग विझली असंही नाही. वाळका बुंधा, शेणाचा ढीग आतून धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यावर पुन्हा पेटतो. त्यामुळे रात्री दोघं राखणीला आणि सकाळी एक फेरी, हे ठरलेलंच हवं.

गावातल्या आगीचे नियम वेगळे. विजेची तार तुटली असेल तर आधी हेस्कॉम, महावितरण किंवा गोव्याच्या वीज खात्याला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. तोवर पाणी मारायचं नाही. तेलाच्या कढईवर किंवा काजूच्या भट्टीवर पेटलेल्या दारूवर पाण्याचा मारा केला तर आग पसरते, तिथे झाकण, वाळू किंवा माती वापरावी. गवताची गंजी पेटली तर ती वाचवण्यात वेळ घालवू नका. आधी गुरं सोडा आणि शेजारची गंजी, गोठ्याचं छप्पर भिजवा. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर हळद, टूथपेस्ट लावू नये. २० मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं आणि दवाखान्यात न्यावं.

आग लागूच नये म्हणून

बऱ्याच आगी लागतात त्या बांध, बागेतला पाचोळा किंवा तरव्याची जागा भाजताना. ते काम थांबणार नाही, पण त्याची वेळ ठरवता येते. उत्तराखंडात अल्मोडा जिल्ह्यातल्या शीतलाखेत परिसरातल्या गावांनी, विशेषतः तिथल्या बायकांनी, हेच केलं. शेतातला काडीकचरा ३१ मार्चच्या आत जाळून संपवायचा आणि १ एप्रिलला 'ओण दिवस' पाळायचा.

आपल्याकडे काजू आणि गवताचा विचार करून तारीख आणखी अलीकडे आणावी लागेल. डिसेंबर-जानेवारीत वन कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन जाळरेषा काढायच्या. बागेभोवतीचा पट्टा साफ करायचा. तरव्याची जागा भाजायचीच असेल तर भल्या सकाळी, वारा नसताना आणि पथकातल्या दोघांना सांगून.

हजेरी, हिशेब आणि विमा

महिन्यातून एक रविवार सरावाचा. पंप भरून चालवून बघायचा, बॅटऱ्या तपासायच्या, दांडे घट्ट करायचे, नव्या माणसाला नियम सांगायचे. तासाभराचं काम, पण हजेरीवही हवी. पावसाळ्यातही पंप सुरू करून बघायचा, नाहीतर वॉशर कडक होतात.

पैसा कमीच लागतो, पण हिशेब चोख हवा. खर्च पंचायतीच्या सूचनाफलकावर लावला की कुजबुज थांबते. महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आणि कर्नाटकात ग्राम अरण्य समिती असेल तर पथक तिच्याशी जोडून घ्यावं. ग्रामसभेचा ठराव करून प्रत पंचायत, वनपरिक्षेत्र आणि अग्निशमन केंद्राला द्यावी. अग्निशमन केंद्राला प्रशिक्षणासाठी लेखी विनंती करावी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात 'आपदा मित्र' योजनेची चौकशीही करावी.

एक गोष्ट मात्र पुढच्या हंगामावर ढकलू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरून १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला २ लाखांचं अपघाती मृत्यू संरक्षण मिळतं. पथकातल्या प्रत्येकाचा हा विमा चालू आहे का, हे दरवर्षी जूनमध्ये बघायचं. दुसऱ्याची बाग वाचवायला जाणाऱ्या माणसाच्या घरासाठी गावानं निदान एवढं तरी केलंच पाहिजे.