म्हशीच्या सडावर फोड, तसेच धार काढणाऱ्याच्या हातावर. लम्पी नव्हे, ही ‘म्हशीची देवी’

म्हशीच्या कासेवर-सडांवर फोड आले आणि काही दिवसांत धार काढणाऱ्याच्या बोटांवरही तसेच उठले, तर ‘लम्पी झाला’ म्हणून घाबरू नका. लम्पी माणसाला होत नाही. हा बहुधा बफेलोपॉक्स, म्हणजे म्हशीची देवी असतो.

आपल्याकडे हा नवा नाही. १९८५ ते १९८७ दरम्यान राज्यात त्याची साथ होती. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत तो पुन्हा आला, तेव्हा म्हशी आणि माणसं दोघांच्याही नमुन्यांत विषाणू सापडला.

गंमत अशी, की हा विषाणू देवीच्या लशीतल्या विषाणूचा अगदी जवळचा भाऊबंद. १७९६ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड जेन्नर यांनी गायीच्या देवीचा पू टोचून माणसाची देवी रोखता येते हे दाखवलं, तिथून लस आली. देवी संपली, लस बंद झाली. त्यामुळे दंडावर लशीचा व्रण नसलेल्या आजच्या तरुणांना या विषाणूपासूनही ते संरक्षण नाही.

फोड सहसा आपोआप बरे होतात. म्हशीचं नुकसान मात्र मोठं: दुखतं म्हणून ती धार काढू देत नाही, दूध घटतं, वर दगडी झाली तर सडच जातो. म्हणून आजारी म्हैस वेगळी बांधा, तिची धार शेवटी काढा, आधी-नंतर साबणाने हात धुवा. हाताला जखम असेल तर धार दुसऱ्याला काढू द्या. फोड फोडू नका. हातावर उठले तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि घरात म्हैस आजारी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.