अपवादाचा मान

नियमांची एक फाइल घ्या, जिच्यात एकही नियम लिहिलेला नाही. ती एखाद्या एक्सएमएल दस्तऐवजावर, म्हणजे मजकुराच्या भागांना नावाचे टॅग लावलेल्या फाइलवर, चालवली, तर काय बाहेर पडेल? काहीच नाही, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात दस्तऐवजातला सगळा मजकूर बाहेर पडतो, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. गळतात ते टॅग आणि टिप्पण्या.

अशी फाइल ज्या भाषेत लिहितात ती म्हणजे एक्सएसएलटी. जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी तिची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली. ‘आधी हे कर, मग ते कर’ असा हुकूम तिच्यात सहसा द्यायचा नसतो. ‘अमुक भेटलं तर तमुक कर’ एवढंच सांगायचं. अशा प्रत्येक नियमाला टेम्प्लेट म्हणतात. आपण काहीच सांगितलं नाही, तरी भाषेच्या पोटात मूळचे काही नियम असतातच: टॅग भेटला तर त्याच्या आत शिर, मजकूर भेटला तर लिहून टाक, टिप्पणी भेटली तर गप्प बस. रिकाम्या फाइलमधून मजकूर वाहून येतो तो त्यांच्यामुळे.

आता खरं काम घेऊ. समजा, एका कथासंग्रहाची एक्सएमएल प्रत आहे. तिच्यात ‘कथा’, ‘परिच्छेद’, ‘टीप’ असे टॅग आहेत. (टॅगची नावं देवनागरीत ठेवायला एक्सएमएलमध्ये पूर्ण मुभा आहे, मराठी मजकुरासाठी ती जरूर वापरावी.) काही टिपा लेखकाच्या, काही संपादकाच्या. विद्यार्थी आवृत्तीत संपादकाच्या टिपा नकोत, आणि लेखकाच्या टिपा परिच्छेदातून उचलून कथेच्या शेवटी न्यायच्या आहेत. बाकी स्वल्पविरामही हलता कामा नये.

नवशिका इथे ‘जर-तर-नाहीतर’ची लांबलचक माळ ओवायला बसतो. मुरलेला माणूस आधी एकच नियम लिहितो: जे भेटेल ते जसंच्या तसं उतरव, आणि त्याच्या आत जे असेल त्यालाही हाच न्याय लाव. मोजक्या ओळींचा हा नियम चार पानी पत्रावरही चालतो आणि हजार पानी ग्रंथावरही. २०१७ च्या ३.० आवृत्तीत तर तो एका ओळीच्या घोषणेत मावतो. मग लिहायचे ते फक्त अपवाद. संपादकाच्या टिपेसाठी नमुना असा: टीप[@कोणाची="संपादक"]. चौकोनी कंसात अट आली. या नियमाच्या पोटात काय लिहायचं? काहीही नाही. नियम जुळतो, त्याला करायचं काहीच नसतं, आणि टीप नाहीशी होते. रिकाम्या फाइलमधून सगळा मजकूर येतो आणि रिकाम्या नियमातून काहीच येत नाही, हे एकदा उमगलं की या भाषेचा स्वभाव कळला.

पण ‘सगळं उतरव’ हा नियमही त्या टिपेला लागू होतोच की! मग जिंकतो कोण? नियम कुठल्या क्रमाने लिहिले यावर ते सहसा ठरत नाही. प्रत्येक नमुन्याला एक वजन असतं. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला उणे ०.५, नुसतं नाव घेणाऱ्याला ०, नावासोबत अट घालणाऱ्याला ०.५. जड नियम जिंकतो.

पाणिनीच्या व्याकरणाची थोडी ओळख असलेला वाचक इथे चमकेल. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष तो अपवाद, आणि अपवादाने उत्सर्गाला बाजूला सारायचं, ही त्याच्या ‘अष्टाध्यायी’वर काम करणाऱ्यांची जुनी रीत. लोप म्हणजे जिथे काही होतं तिथे काहीच न दिसणं, हीही तिथलीच व्यवस्था. दोन तुल्यबळ नियम भिडले तर नंतरचा घ्यावा, असा एका सूत्राचा पारंपरिक अर्थ आहे (२०२२ मध्ये ऋषी राजपोपट यांनी केंब्रिजमध्ये त्याचा निराळाच अर्थ मांडला). एक्सएसएलटीतही वजनं सारखी निघाली तर बहुतेक वेळा शेवटी लिहिलेलाच नियम घेतला जातो. एकाने दुसऱ्याकडून उसनं घेतलं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. फरकही मोठा आहे. वैयाकरण अपवाद ओळखतो तो नियमांच्या व्याप्तीवरून. यंत्र फक्त नमुन्याचं रूप पाहतं. एक अट घाला वा तीन, वजन तेच ०.५. कुठला नियम जास्त नेमका, हे त्याला कळत नाही. म्हणून गरज पडेल तिथे वजन आपणच आकड्यात लिहून द्यावं.

राहिल्या लेखकाच्या टिपा. प्रत्येक टीप दोनदा लागणार: परिच्छेदात नुसता क्रमांक, कथेच्या शेवटी पूर्ण मजकूर. त्यासाठी ‘मोड’ असतो. एकाच टिपेसाठी दोन नियम लिहायचे आणि दुसऱ्याला, समजा, ‘शेवटी’ हा मोड द्यायचा. कथेच्या नियमात आधी सगळं नेहमीसारखं उतरवायचं, मग पोटातल्या टिपांना ‘शेवटी’ या मोडमध्ये पुन्हा हाक मारायची. मूळ दस्तऐवजाला धक्काही लागत नाही. तो वाचायचा असतो, बदलायचा नसतो, त्यामुळे त्यातली कुठलीही गोष्ट हवी तेव्हा, हव्या तितक्या वेळा बोलावता येते. गंमत अशी की मघाचा रिकामा नियम या मोडमध्ये लागूच होत नाही. परिच्छेदातून हाकललेल्या संपादकाच्या टिपा कथेच्या शेवटी निवांत येऊन बसतात! तो नियम या मोडमध्येही जाहीर करावा लागतो. क्रमांक मोजतानाही त्या टिपा वगळायला सांगायचं, नाहीतर १ नंतर एकदम ४ छापला जातो.

ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचा बेत क्रोमने २०२५ मध्ये जाहीर केला. संशोधनपत्रिका आणि हस्तलिखितांच्या चिकित्सक आवृत्त्यांच्या छपाईमागे मात्र ती अजून राबते आहे. आणि तिची मला सगळ्यात आवडलेली करामत वेगळीच आहे. एक्सएसएलटीची फाइल स्वतःच एक एक्सएमएल दस्तऐवज असते, म्हणजे तिच्यावरही एक्सएसएलटी चालवता येते. दस्तऐवज तपासणाऱ्या स्कीमॅट्रॉनची रूढ पद्धत नेमकी हीच: तपासणीच्या अटी एक्सएमएलमध्ये लिहायच्या, एक्सएसएलटीने त्यांचं रूपांतर दुसऱ्या एक्सएसएलटीत करायचं, आणि मग ती नवी, कुणीही हाताने न लिहिलेली नियमावली खऱ्या दस्तऐवजावर सोडायची.