कोळशाला रूळ, माणसाला बस!

वस्तीच्या कडेने रात्रंदिवस मालगाड्या धावतात आणि त्याच वस्तीतला कामगार मात्र बसच्या रांगेत ताटकळत उभा राहतो. हे चित्र फक्त आपल्याच देशात दिसते, असा अनेकांचा समज आहे. त्यांच्यासाठी इंग्लंडमधील अ‍ॅशिंग्टन या गावाची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

इंग्लंडच्या ईशान्य भागातील नॉर्थम्बरलँडमध्ये हे खाणकामगारांचे गाव आहे. न्यूकॅसल हे मोठे शहर तेथून सुमारे २५ किलोमीटरवर. बापाने खाणीत उतरायचे आणि पोराने त्याच्या मागोमाग जायचे, अशी तिथल्या घराघरांची रीत होती. या लोकांनी काढलेला कोळसा रेल्वेने बंदराला आणि वीज केंद्राला जाई. त्याच रुळांवरून माणसांची गाडीही धावत असे.

१९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी आपला अहवाल दिला. नफा-तोट्याचा हिशेब मांडून त्यांनी दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. २ नोव्हेंबर १९६४ रोजी अ‍ॅशिंग्टनची प्रवासी गाडी बंद झाली. रूळ मात्र कोणी उखडले नाहीत, कारण कोळसा न्यायचा होता! कोळशाला वाट राहिली आणि तो खणणाऱ्याची वाट बंद झाली.

पुढे खाणीही गेल्या. अ‍ॅशिंग्टनची खाण १९८८ मध्ये बंद झाली, तर जवळच्या एलिंग्टनची २००५ मध्ये. आता रोजगारासाठी शहर गाठणे भाग होते. बस होती, पण तिच्यात वेळ फार जाई. ज्याच्या घरी मोटार नाही, त्याने दूरची नोकरी कशी धरावी? मुलीने शहरातल्या कॉलेजात कसे जावे? आजारी म्हाताऱ्याने मोठे इस्पितळ कसे गाठावे? वाहतूक हा श्रीमंताच्या सोयीचा विषय असेल. गरिबाच्या घरात तो भाकरीचा आणि शिक्षणाचा विषय आहे.

२००५ साली तेथील प्रवाशांनी संघटना बांधली. साउथ ईस्ट नॉर्थम्बरलँड रेल यूजर ग्रुप हे तिचे नाव. रूळ आहेत, मालगाड्या चालतात, मग प्रवासी गाडी का नाही, हा प्रश्न या मंडळींनी वर्षानुवर्षे लावून धरला. स्थानिक कौन्सिलने योजना हाती घेतली आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने ३ कोटी ४० लाख पौंड मंजूर केले.

नुसते रूळ असून भागत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. मालगाडी संथ चालली तरी निभावते. प्रवासी गाडीला वेग, वेळ आणि सुरक्षितता लागते. त्यासाठी रूळ सुधारावे लागले, सिग्नल आणि फाटके नव्याने करावी लागली, फलाट बांधावे लागले. १६ कोटी ६० लाख पौंडांचा अंदाज अखेर ३० कोटींच्या घरात गेला.

अखेर १५ डिसेंबर २०२४ रोजी, तब्बल साठ वर्षांनी, अ‍ॅशिंग्टनहून न्यूकॅसलला गाडी निघाली. पहिल्या दिवशी गाड्या माणसांनी भरून गेल्या. प्रवास सुमारे ३५ मिनिटांचा, दिवसा दर अर्ध्या तासाला गाडी, आणि एकेरी तिकीट ३ पौंडांच्या आत ठेवलेले. ठरलेल्या सहा नव्या स्थानकांपैकी त्या दिवशी दोनच तयार होती. न्यूशॅम मार्च २०२५ मध्ये आणि ब्लाइथ बेबसाइड ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाले. मालगाड्या बंद झालेल्या नाहीत. माल आणि माणूस एकाच वाटेने जातात.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले होते. किती कोळसा निघतो एवढेच न पाहता तो काढणारा माणूस कसा जगतो, हे पाहण्याची ती दृष्टी होती. कोणत्याही रेल्वेमार्गाकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

आपल्याकडचा दिवा-वसई मार्ग पाहा. मालगाड्यांची तेथे सतत वर्दळ असते, प्रवासी गाड्या मात्र मोजक्याच. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड या स्थानकांवरच्या कष्टकऱ्यांना एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी किती थांबावे लागते, हे त्यांना विचारावे.

नुसते गाऱ्हाणे करून गाडी येत नाही. आपल्या वस्तीतून कितीजण, किती वाजता, कुठे जातात, भाड्यात किती पैसे आणि किती तास जातात, याची नोंद मंडळांनी आणि महिला मंडळांनी करावी. ती नोंद घेऊन रेल्वे अधिकाऱ्यांकडे आणि खासदारांकडे जावे, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे. अ‍ॅशिंग्टनच्या मंडळींना संघटना बांधल्यापासून गाडी येईपर्यंत एकोणीस वर्षे लागली. त्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून ती आली.