आकाशातल्या दिव्यांची चौकशी

२ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश आणि पलीकडे मध्य प्रदेश, गुजरातेतल्या लोकांनी आकाशातून जळते तुकडे एका ओळीत सरकताना पाहिले. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान पडले म्हणाले. त्याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावी, उघड्या जागेत सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले.

मी खगोलशास्त्र शिकलेलो नाही. कारखान्यात अपघात झाला की कामगारांच्या वतीने चौकशीला उभे राहायचे, हे माझे काम. तिथे पहिली गोष्ट अशी शिकलो, की साक्षीदाराला ‘काय होते?’ असे विचारू नये, ‘काय दिसले?’ असे विचारावे. आणि दोघांना एकत्र बसवू नये. एकाची जबानी दुसऱ्याच्या तोंडी जाते.

आकाशाच्या बाबतीतही प्रश्न तेच. किती वाजता? कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला? क्षितिजापासून किती उंच? (हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश झाकते, मोजायला एवढे पुरे.) आणि दिसले किती वेळ? माणूस इथे फार चुकतो, म्हणून त्याला तो प्रसंग आठवायला लावून आपण आकडे मोजावेत. कारण निकाल इथेच लागतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही सेकंदांत विझते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून ढळलेली वस्तू सेकंदाला ७-८ किलोमीटरने, जवळजवळ आडवी शिरते. म्हणून ती तुटत तुटत बराच वेळ दिसते. त्या रात्रीच्या चित्रफितींत हेच होते.

मग वस्तू कोणाची? प्रथम बोट गेले ते त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या इलेक्ट्रॉन अग्निबाणाकडे. तारीख जुळली की आरोपी सापडला, ही खोड आमच्या कारखान्यातही आहे! पण इलेक्ट्रॉनचा व्यास जेमतेम सव्वा मीटर. त्यातून ३ मीटरचे कडे निघणार कसे? जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३-बी’च्या तिसऱ्या टप्प्याचे नाव सांगितले. त्या टप्प्याचा व्यास ३ मीटर. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही गावी येऊन तुकडे पाहिले.

नाव कळून उपयोग काय, असे कोणी विचारील. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले, तर ती सोडणाऱ्या देशाची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाई द्यावीच लागते. भरपाईसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घातलेल्या माणसाला हे कलम वाचून बरे वाटते. १९७८ साली सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा उपग्रह अणुभट्टीसह कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. म्हणजे घासाघीस तिथेही आहेच.

लाडबोरीत सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ते कडे एखाद्या झोपडीवर पडले असते, तर दावा आपल्या सरकारमार्फत मांडावा लागला असता. आणि त्या कड्याबरोबर गावकऱ्यांच्या जबान्याही लागल्या असत्या: किती वाजता, कोणत्या दिशेने, किती वेळ.